‘का’ विचारलं की ‘हो’

बाई, तुम्हाला पत्र लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं. शाळेतली आपली खोली रंगवायला काढली आहे, मुलांना बोलावलेलं नाही, आणि सकाळपासून मी घरात नुसती बसून आहे. दुपारी कागद घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. तुमचं बोलणं मात्र शब्दाला शब्द आठवतं.

खोली अजून तिथेच आहे, पाण्याच्या टाकीला लागून. तेव्हा भिंतीपलीकडे लूमचा कारखाना होता. माग चालू असले की टेबलावरची पेन्सिल आपोआप सरकायची. मी वाचा-उपचाराचं शिक्षण संपवून नुकतीच तुमच्या हाताखाली आले होते, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्हाला म्हणाले, की या आवाजात मुलांची तपासणी होणार नाही. तुम्ही वर न बघता म्हणालात, “लाईट गेली की कर.” आणि तसंच व्हायचं. भारनियमनाची वेळ झाली की माग एकेक करत थांबायचे, गल्ली गप्प व्हायची, आणि त्या घामट खोलीत तुम्ही मुलासमोर चित्र ठेवून हळू आवाजात विचारायचात, “बाळ कुठे आहे?” सगळी भिवंडी लाईट गेली म्हणून वैतागायची. आपण दोघी ती जायची वाट बघायचो.

मला तुम्ही एकदाच रागावलात, तेही एका मुलासमोर. मी विचारलं होतं, “झाडाखाली कोण बसलंय?” आणि विचारताना माझी नजर चित्रातल्या म्हाताऱ्याकडे गेली. मुलाने लगेच त्याच्यावर बोट ठेवलं. मी ‘बरोबर’ अशी खूण करणार, तर तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत. “तुझे डोळे वाचले त्याने. तुझा प्रश्न नाही कळला त्याला. हात खाली ठेव, मान सरळ ठेव, आणि परत विचार.” परत विचारलं तेव्हा तो मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “झाड.” त्या दिवसापासून प्रश्न विचारताना माझा चेहरा कोरा असतो. आता तो एरवीही कोराच असतो, असं घरचे म्हणतात.

ती मुलगी त्याच वर्षी आली. राहनाळकडची, सात वर्षांची. वडील गोडाऊनचा टेम्पो चालवायचे, आई पूर्ण्याला पॅकिंगच्या कामाला जायची. वडील आपल्याकडे तपासणीसाठी आलेच नव्हते. मुलीचं नाव शाळेतून काढायला आले होते. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर ते नीट बोलेनात, म्हणून त्यांनी दोघांना आपल्या खोलीत पाठवलं. तुम्ही मुलीला माझ्याजवळ बसवलंत आणि वडिलांना दारापाशी नेलंत. तरी मला सगळं ऐकू येत होतं.

“धाकट्या पोराच्या पायावर गरम पानी टाकलं हिने. आंघोलीचं. पाय सगला भाजला. हिला आता आत्याकडे पाठवतो गावाला. घरात न्हाय ठेवायची.”

“तिने टाकलं हे कुणी बघितलं?”

“कोन बघनार? दोघंच होती घरात. पन मी इचारलं ना तिला. बोललो, का टाकलंस पानी? तर बोलते, हो. परत इचारलं. परत हो. डोल्यात पानी पन न्हाय, बाई. सरल बोलते, हो.”

मुलगी माझ्या शेजारी बसून फ्रॉकच्या कडेचा दोरा ओढत होती. घरात महिनाभर तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, हे नंतर कळलं. आई तिचं ताट बाजूला वाढायची आणि धाकट्याला तिच्याजवळ जाऊ द्यायची नाही.

तुम्ही वडिलांना म्हणालात, “नाव उद्या काढा. आज तासभर थांबा.” ते थांबले, कारण बाहेर ऊन होतं आणि टेम्पो दुसऱ्याकडे होता. मग लाईट गेली. तुम्ही मला सांगितलंत, “तू विचार.” वडिलांना माझ्या मागे बसवलंत, मुलीला दिसणार नाहीत असे.

मी विचारलं, “तुझं नाव काय?” तिने सांगितलं. “शाळेत तुझ्या शेजारी कोण बसतं?” तेही सांगितलं. “दप्तर कुठे ठेवतेस?” “खुंटीला.” “आंघोळ कधी करतेस?” “मोरीत.” माझ्या मागे वडील जरासे हसले. “रात्री कधी झोपतेस?” “खाली.” मग मी चित्र पुढे केलं. त्यात एक मुलगा पडलाय, त्याचा गुडघा फुटलाय, आणि बाजूला एक मुलगी हसतेय. “हा का रडतोय?” “हो.” “मुलगी का हसतेय?” “हो.” ते चित्र काढून घेतलं आणि काहीच समोर नसताना विचारलं, “तू आज शाळेत का आलीस?” ती म्हणाली, “हो.” आवाजात कसलीही शंका नव्हती. विचारलं आणि उत्तर दिलं, इतकंच.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तुम्ही वडिलांकडे वळलात. तुम्ही काय म्हणालात ते मी आजही पालकांना जवळजवळ तसंच सांगते. “तिचे कान चांगले आहेत. तिला खोटं बोलता येत नाही, तेवढी भाषाच नाहीये तिच्याकडे. काय, कोण, कुठे, कधी, का, सगळे एकसारखेच सुरू होतात. तिला त्यातले तीन कळतात. ‘कधी’ विचारलं तर ती ‘कुठे’चं उत्तर देते. आणि ‘का’ म्हटलं की तिला वाटतं, जेवलीस का, आलीस का, तसलं काहीतरी विचारतायत. त्याला हो म्हणायचं असतं, एवढं ती शिकलीये. तुम्ही विचारलंत का टाकलंस. तिने ऐकलं वेगळंच.”

वडिलांनी एकदा मुलीकडे बघितलं. मग म्हणाले, “मंग पानी टाकलं कोनी?”

तुम्ही कपाटातून खेळण्यातली भांडी काढलीत, एक छोटी आणि एक मोठी बाहुली काढलीत, आणि काहीही न विचारता ती मुलीच्या पुढ्यात ठेवलीत. “हे बाळ. ही तू. हे गरम पाणी. दाखव.” तिने पातेलं टेबलाच्या कडेला ठेवलं. त्याच्याखाली तुमचा रुमाल घातला. मोठी बाहुली लांब, दाराकडे तोंड करून उभी केली. आणि लहान बाहुलीचा हात रुमालाला लावून रुमाल ओढला. पातेलं खाली पडलं. ते उचलून तिने परत ठेवलं, परत ओढलं. तिसऱ्या वेळी वडिलांनीच पुढे होऊन तिचा हात धरला. “बस झालं,” म्हणाले. ते रडले नाहीत. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले आणि मुलीसमोर उकिडवे बसले. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणता शब्द वापरायचा हे त्यांना सुचत नसावं. शेवटी फक्त म्हणाले, “भूक लागली?” ती म्हणाली, “हो.” आणि दोघं वडापाव खायला गेली.

नाव काढलं नाही. दोन वर्षं ती आपल्याकडे येत राहिली. ‘कधी’ वर्षभरात बसलं. ‘का’ला फार वेळ लागला, आणि जेव्हा आलं तेव्हा तुम्ही नव्हता. आता ती पडघ्याला असते, लग्न झालंय, इतकंच ऐकून आहे.

तुम्हाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तुमच्या मुलाचा फोन आला. तो नाशिकहून आला होता. म्हणाला, “आई बोलतेय, पण थोडंच. तुम्ही तिच्याच हाताखालच्या ना, जरा येऊन बघा.” मी आले. तुम्ही उशीला टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मुलगा मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, “मी तिला नाशिकला नेतोय. घर विकायचंय. तिला विचारलं, ती हो म्हणाली.” मी म्हटलं, मी एकदा विचारते. मग तुमच्यासमोर बसले, हात खाली ठेवले, मान सरळ ठेवली. विचारलं, “नाशिकला जायचंय का?” तुम्ही म्हणालात, “हो.” “इथेच राहायचंय का?” “हो.” “आत्ता रात्र आहे का?” बाहेर लख्ख ऊन होतं. तुम्ही म्हणालात, “हो.”

मला तेव्हा काही वाटलं नाही. आत काहीतरी बंद करून ठेवल्यासारखं होतं, आणि मी पुढचा प्रश्न विचारत गेले. तुमच्या मुलाला तुम्ही जसं सांगितलं असतंत तसंच सांगितलं. “त्यांना प्रश्न कळत नाहीये. या हो-वर घर विकू नका.” तो चिडला. “मग मी विचारू कुणाला?” मी म्हटलं, “आता नका विचारू. आधी त्या काय म्हणायच्या, ते आठवा.” तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, “भिवंडी सोडणार नाही म्हणायची. दर दिवाळीला भांडण व्हायचं.” त्याने घर विकलं नाही. नोकरीवर रजा टाकून तुमच्याजवळ राहिला, आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही त्याच घरात गेलात. मला निरोप आला तेव्हा समोर एक मूल बसलं होतं. त्याची तपासणी मी पूर्ण केली, मग निघाले. तिथेही रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. येईल असं वाटून मी बरीच वर्षं वाट बघितली, आता बघत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या मुलाला द्यावं असंही मनात आलं, पण त्याला हे सगळं माहीतच आहे. कागद घडी करून ठेवून देते. एकच सांगायचं राहिलं. मी तुम्हाला बघायला आले त्या दुपारी तुमचा मुलगा औषध आणायला खाली गेला, आणि खोलीत आपण दोघीच होतो. तुम्ही माझ्याकडे बघत होता. मला विचारायचं होतं, बाई, मला ओळखलंत का? मी विचारलं नाही. तुम्ही हो म्हणाला असता, आणि तपासणीत मला ते धरता आलं नसतं. पण ऐकायला आवडलं असतं.