गाऱ्हाणं निकाली

रविवार, २ नोव्हेंबर

आलो एकदाचे! लांज्याहून निघताना एसटीत माझ्या धाकट्या भावाच्या, दीपेशच्या मांडीवर माझ्या वक्तृत्वाच्या ढाली होत्या आणि माझ्या मांडीवर कंपनीचा नवा लॅपटॉप. मिऱ्याला हौसाकाकींच्या घरामागची खोली मिळाली आहे. समोर दगडी बंधारा, त्यावर वाळत घातलेली जाळी, पलीकडे समुद्र. काकी मासे विकतात, भांडल्यासारखं बोलतात आणि नव्या भाडेकरूंना पहिल्या दिवशी जेवू घालतात. बांगड्याचं तिखलं खाऊन आम्ही दोघंही नाक पुसत होतो. काकी म्हणाल्या, "लांज्याकडची मान्सा तुमी, काजूच खायचे!"

माझं काम 'सुकाणू'ची चाचणी घेण्याचं. ही संगणकाची नवी कार्यप्रणाली अजून बाजारात यायची आहे. ती बोलण्यावर चालते, आणि बोलायचं मराठीत, आपल्या कोकणी हेलात. जो समाज यंत्राशी परक्या भाषेत बोलतो तो यंत्राचा मालक होत नाही, नोकर होतो, असं मी वर्षानुवर्षं व्यासपीठावरून गर्जत आले. आता ते यंत्रच माझ्या टेबलावर आहे!

आमचे प्रमुख अजिंक्य सर म्हणाले, दोष दिसला की 'गाऱ्हाणं' हे बटण दाबायचं आणि साध्या शब्दांत लिहायचं. ते पोचलं की पडद्यावर अक्षरं येतात: होय महाराजा. देवळात गुरवानं गाऱ्हाणं घातलं की सगळा गाव म्हणतो, अगदी तसं. देव मी मानत नाही, पण ही कल्पना मला फार आवडली. दीपेशलाही हसू आलं. तो म्हणू लागला, "आ-आता दे-दे-दे—" मी म्हटलं, "देवसुद्धा ऑनलाइन!" तो गप्प झाला. तो लहानपणापासून तोतरा. बावीस वर्षांचा झाला, पण आई गेल्यापासून त्याचं तोंड मीच आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सुकाणू चतुर आहे. काकींची बडबडसुद्धा ते बिनचूक उतरवतं, शिव्यांसकट. अडचण एकच. काकींचा कोंबडा आरवला की ते त्याचंही वाक्य करायला जातं. मी गाऱ्हाणं घातलं: कोंबड्याच्या आवाजाचा त्रास होतो. होय महाराजा!

रविवार, ९ नोव्हेंबर

काल नवी आवृत्ती उतरली. पडद्यावर लिहून आलं: गाऱ्हाणं निकाली. आणि खरंच, कोंबड्याचा अडथळा नाही. फक्त आज अंगणात पाहिलं, तो मान ताणतो, चोच उघडतो, आवाज येत नाही. काकी म्हणाल्या, "ह्या मेल्याचा गळा कुनी दाबला गो?" दुपारी त्याचं सुकं झालं. योगायोगाला घाबरणाऱ्यांची मी आयुष्यभर खिल्ली उडवली आहे. आज मी दोनदा वाढून घेतलं.

अजिंक्य सरांना फोनवर विचारलं की दोष इतक्या झटपट कसा जातो. ते म्हणाले, प्रकाशनाची तारीख जवळ आली की दुरुस्त करायला वेळ नसतो. जे नीट चालत नाही ते काढून टाकायचं. वस्तूच नाही, तर दोष कसला?

चोवीस तारखेला शहरातल्या एका वाचनालयात भाषणाचं बोलावणं आलं आहे. विषय अर्थातच मातृभाषा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज दीपेशला सुकाणूसमोर बसवलं. पडद्यावर उमटलं: माझं नाव दी दी दी दीपेश. तो मोकळेपणी हसला. सुकाणू त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबतं, मध्ये पडत नाही, हे त्याला फार आवडलं. तासभर तो एकटाच त्याच्याशी बोलत होता. इतकं तो माझ्याशी वर्षभरात बोलला नसेल.

पण मला ते 'दी दी दी' सहन होईना. यंत्रानं माझ्या भावाला वेडावून दाखवावं? मी गाऱ्हाणं लिहायला घेतलं: दीपेशचं बोलणं अडखळतं, ते नीट करा. त्यानं माझा हात धरला. "न-न-न—" मी म्हटलं, "नको म्हणतोस ना? अरे, तुझ्याच भल्याचं आहे!" आणि बटण दाबलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नवी आवृत्ती उतरली. गाऱ्हाणं निकाली.

दीपेश सकाळी उठला, मान ताणली, तोंड उघडलं. आवाज नाही. डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, घशात काहीही बिघाड नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अजिंक्य सरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, ताण घेऊ नका, रजा घ्या. त्यांच्या नोंदीत दीपेशचा आवाज एकदम उत्तम आहे. अडखळण्याचा एकही दोष नाही. निकाली निघालेलं गाऱ्हाणं आता उघडता येत नाही.

मी नवं गाऱ्हाणं घातलं: दीपेशचा आवाज परत द्या. या वेळी होय महाराजा आलं नाही. उत्तर आलं: हा दोष नाही, ही मागणी आहे. मागण्यांचा विचार पुढल्या वर्षी.

दीपेशला मी सारं सांगितलं, कोंबड्यापासून. तो ऐकत राहिला. रडले मीच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लॅपटॉप समुद्रात फेकायला निघाले होते. दीपेशनं तो छातीशी धरला. आता त्याचं बोलणं त्यातूनच. तो भराभर टंकतो, कुठेही न अडखळता. काकींना त्यानं असं काही लिहून दाखवलं की त्या हसता हसता माशांच्या पाटीवरच बसल्या. म्हणाल्या, "अगो, ह्यो तर वात्रट हाय! इतकी वर्सं खंय होता?"

मी जवळ गेले, वाचत राहिले, आणि त्यानं शब्द पुरा करायच्या आत माझ्याच तोंडून तो निघून गेला. माझी सवय. त्याची बोटं थांबली. त्यानं पडदा फिरवून घेतला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दीपेशनं गाऱ्हाणं घातलं. घातल्यावर स्वतःच मला दाखवलं.

'माझं वाक्य ताई पुरं करते.'

खाली अक्षरं होती: होय महाराजा.

मी ओरडले. परत घे म्हटलं. परत घ्यायला बटणच नाही. तुला ठाऊक होतं ना काय होतं ते, असं विचारलं. त्यानं मान हलवली. होय. त्याला ठाऊक होतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी नवी आवृत्ती—

काकींना म्हटलं, चहात साखर जरा— त्या थांबल्या, मी थांबले, पुढचा शब्द जिभेवर आणि—

वाचनालय गच्च भरलेलं. उभी राहिले. मित्रहो, आपली भाषा ही आपली— पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मायेनं पुरवलं, "आई!" पुढचं वाक्य दुसऱ्यानं, मग सगळं सभागृहच माझी वाक्यं— हसत, टाळ्या देत, खेळ असल्यासारखं— आणि मला जे म्हणायचं होतं ते कुणीच—

लिहितानाही हात शेवटच्या शब्दापाशी— डोळ्यांपुढचं, दुसऱ्याचं मात्र जसंच्या तसं उतरवता— नव्या आवृत्तीची सूचना: 'अर्धवट गाऱ्हाणंही आता स्वीकारलं जाईल.' दीपेशनं मला टंकून दाखवलं: 'सावकाश, ताई. मी थांबतो.'

बुधवार, २६ नोव्हेंबर

तो खरंच थांबतो. समोर बसून, तासन्‌तास. मला हवा तो शब्द त्याला कळतो, तरी तो पुरवत—

त्याच्यापुढे अशी मी एकदा तरी—

राग नाही आता, त्याचा आवाज फक्त— मागणी म्हणून नव्हे, दोष म्हणून घातलं तर— 'दीपेशला आवाज नाही, हा दोष आहे', हे त्याच्याकडून टंकून घ्यायला— तो नको म्हणतो. त्याला हे असंच—

उद्या दुपारी शेवटची आवृत्ती, मग सुकाणू बाजारात. म्हणजे हातात फक्त—

गुरुवार, २७ नोव्हेंबर

तो ओट्यावर काकींबरोबर कोळंबी सोलत. मी आत बटण दाबून 'दीपेश' एवढं लिहिलं आणि बोटं—

पुसायला गेले तोच ते आपोआप—

होय महाराजा.

गाऱ्हाणं म्हणून एकच शब्द. त्याचं नाव. मी असं म्हणत नव्हते, मी त्याच्यासाठी—

अजिंक्य सरांना फोन लावला. सर, एक गाऱ्हाणं चुकून— ते म्हणाले, काळजी नको, आलेली सगळी गाऱ्हाणी दुपारच्या आवृत्तीत निकाली निघतील. मी म्हटलं, नाही, सर, तो माझा— फोन बंद.

आवृत्ती उतरते—

ओट्याकडे धावत—

कोळंबीचं ताट एकच. पाट एकच. काकी विचारतात, "कुनाला हाका मारतंस गो? आल्यापासनं तर तू एकटीच!"

नाही काकी, दोघं आलो आम्ही, लांज्याहून, एसटीनं, मी आणि माझा—