शाळेत शिरलेला फुकटचा प्रोग्रॅम

ती. दाजींस,

शिरसाष्टांग नमस्कार. ताईचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढू नकोस. (ऐकणार नाही, पण म्हणावं.) तुमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जोरात असेल. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मुख्याध्यापक या नात्याने माझी झोप उडाली आहे.

कारण आमच्या कॉम्प्युटरच्या नव्या बाई. त्यांनी आल्या आल्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या मशीनवर एक फुकटचा प्रोग्रॅम घातला. कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणे सगळ्यांचा. जगभरच्या लोकांनी मिळून केला, एकमेकांची तोंडंही न पाहता. दाजी, आमच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्यांचं खिडकी उघडी ठेवावी की बंद यावर एकमत होत नाही. मी तेव्हाच ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय. शिवाय तो आतून कसा बनलाय हे कुणालाही पाहता येतं, असं त्या वर कौतुकाने सांगतात. मी खडूच्या कपाटालासुद्धा दोन कुलपं लावणारा माणूस. (एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी हरवली आहे. त्यामुळे सध्या खडू कुणालाच मिळत नाहीत, पण चोरीलाही जात नाहीत.)

शेवटच्या वर्गाचे गुण मात्र मी विश्वासाने ऑफिसातल्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये ठेवले होते. परवा उघडायला गेलो तर तो म्हणतो, मुदत संपली. मुलं आमची, गुण आम्ही दिलेले, आणि बघायला परवानगी कंपनीची. फोन केला तर एक बाई (टेपवरची) गोड आवाजात थांबा, थांबा म्हणत राहिली. मुदत वाढवायला संस्थेची मंजुरी हवी, संस्थेची बैठक पुढच्या महिन्यात, आणि कॉलेजचे प्रवेश या शुक्रवारी बंद. मुलं रोज ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहतात. त्यांची तोंडं बघवत नाहीत, हे तुमच्याशिवाय कुणाला बोललो नाही.

यावर बाई म्हणाल्या, "सर, ती फाइल माझ्या प्रोग्रॅममध्ये उघडते. द्या इकडे, आजच निकाल छापून देते." मी साफ नाही म्हटलं. आपल्या कुलपाला ज्याची किल्ली लागते अशा परक्या माणसाला काय म्हणतात, ते तुम्ही जाणताच. शाळेत काही संस्कार असतात. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घेऊ नये, असं मी प्रार्थनेनंतर मुलांना नेमाने सांगत असतो.

बाकी विशेष काही नाही. ताईस नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता.क. कंपनीच्या याच प्रोग्रॅमची, मुदतबिदत न विचारणारी चोरटी प्रत तुम्ही ओळखीच्या गिऱ्हाइकांना घालून देता, असं ताई मागे बोलली होती. तेवढी एक घेऊन गुरुवारी स्वतः या. मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

पुन्हा ता.क. बाई दाराजवळच बसतात. त्यांनी हटकलंच, तर फुकटचा प्रोग्रॅम आहे म्हणून सांगा. त्या चहा पाजतील आणि आनंदाने स्वतः बसवूनही देतील.