पुढे गोल, मागे धार

आगर, डहाणू

प्रिय विपुल,

तुझा निरोप मिळाला. ह्यांची अर्धवट राहिलेली शेवटची सर्फिंगची फळी तुला दुकानात टांगायला हवी आहे. ताईकडे एवढंच मागणं, म्हणतोस. एवढंच म्हणे!

मागच्या आठवड्यात मी डहाणू रोडला आले होते, तेव्हा तुझ्या दुकानातल्या फळ्यांवरून हात फिरवून गेले. तू पाहुण्यांबरोबर फोटो काढण्यात गुंग होतास. नाकापासून शेपटापर्यंत सगळा काठ धारदार! कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंस, धार म्हणजे वेग, आणि सुटलास रंधा मारत. सहा वर्षं भावोजींच्या हाताखाली नुसता भुसाच झाडलास का?

होड्या बांधणाऱ्या ह्यांच्याकडे सर्फिंगची पहिली फळी दुरुस्तीला आली, ते आठव. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचत होते. ‘रेल’पाशी अडले. कोशात लोहमार्ग. हे फळी उलटीपालटी करून रूळ शोधत बसले आणि तू पोट धरून हसलास. मग ह्यांनी कडेवरून बोट फिरवलं. “अगं, हा तर काठ. तुझ्या लुगड्याला असतो तसा.” पुढचं सगळं त्या बोटानंच शोधलं. गोल काठाला पाणी बिलगतं, वळसा घालून वर येतं, फळीला लाटेत धरून ठेवतं. धारेवरून पाणी सुटतं, फळी पळते. म्हणून पुढे गोल आणि शेपटाकडच्या हातभरातच धार. पुढे धार ठेवली तर ती पाण्यात रुतते, माणूस तोंडावर आपटतो. तुझी गिऱ्हाइकं आपटतात, आणि तू त्यांना सांगतोस, आज समुद्र खराब आहे. समुद्राला नावं ठेवतोस, मेल्या?

वर त्या फळ्यांवर ह्यांचं नाव रंगवलंस, ‘महादेव’. ह्यांनी स्वतःच्या एकाही फळीवर नाव घातलं नव्हतं. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी तू त्यांना रोज तोंडावर पाडतोस.

ते नाव खरवडून काढ, हे सांगायलाच लिहायला बसले. काढलंस की ये. ती फळी आता अर्धवट नाही. शेपटाची धार घडवायची राहिली होती, ती मी घडवली. रोज दुपारी थोडी थोडी, ह्यांच्या पॉलिशपेपरच्या उरलेल्या तुकड्यांनी. डोळे मिटून काठावरून हात फिरव. ह्यांचा हात कुठे थांबला आणि माझा कुठे सुरू झाला, ते सांगितलंस तर फळी घेऊन जा. नाही सांगता येणार तुला. मलाही आता सापडत नाही.

तुझीच,
सरिताताई