खोल पेटी, उथळ पेटी

प्रिय चिमणे,

अक्षर ओळखीचं वाटलं तरी थांबू नकोस, पुढे वाच. मी सांगते आहे आणि कोणीतरी लिहितं आहे, एवढं तुला पुरे. मी बोलते तेच लिहिलं जातंय की माझ्या नावावर भलतंच काही खपवलं जातंय, हे मला कळायला मार्ग नाही. अंगठेबहाद्दर माणसाने विश्वास ठेवायचा, दुसरं काय!

तू तुझ्या नव्या बारसाठी बर्फाच्या दोन पेट्यांचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, आजी, कुठली घेऊ? तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. एक खोल, सगळ्या संध्याकाळचा बर्फ एकदाच भरून ठेवायचा. दुसरी उथळ, हाताशी, पण मागच्या खोलीतून बर्फ आणून सारखी भरत राहावी लागणारी. तुला खोल हवी आहे, ते आवाजातच कळलं. म्हणालीस, बारमागे मी एकटी असणार, भरून द्यायला आहे कोण? मी नुसतं हं हं केलं. पण पेटी बसवायला सोमवारी सुतार काउंटर कापणार म्हणालीस ना, तिथे माझं हं हं थांबलं. पेटी बदलता येते गं. कापलेलं काउंटर परत जुळत नाही.

मग मी एक उद्योग केला. हसू नकोस. न्हाणीघरातलं पिंप रिकामं केलं, तळाशी बटाटे टाकले आणि ते बर्फाचे खडे समजून डावाने काढायला लागले. वरचे आले. तळाचे काढायला वाकले, आणखी वाकले, आणि मग मी पिंपात आणि माझे पाय हवेत. तुझी आई शिलाईच्या मशीनवरून धावत आली, मला कमरेला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाली, अहो, या वयात काय हे, पिंपात बटाटे कोण ठेवतं? म्हटलं, तुझ्या लेकीला विचार. तोंडातून निघूनच गेलं.

तुला ठाऊक आहे, तुझं नाव निघालं की ती मशीनचं चाक जोरात फिरवते. हॉटेलातल्या बारच्या नोकरीत बर्फाची बादली उचललीस आणि कमरेत कळ येऊन आडवी झालीस, तेव्हा तुझ्या पायात मोजेसुद्धा तीच चढवायची. बरी झालीस आणि लगेच जाहीर केलंस, आता स्वतःचा बार काढते. तीच कंबर घेऊन पुन्हा त्याच कामाला! पुन्हा मोडलीस तर उचलायला येणार नाही, असं ती म्हणाली. तूही तिचीच लेक; म्हणालीस, नकोच येऊ. तेव्हापासून दोघींच्या तोंडाला कुलूप, आणि मधे मी, किल्ली नसलेली म्हातारी.

पण पिंपाच्या त्या दिवशी तिने फोटो मागितले. खोल पेटीची मापं वाचली, गळ्यातली टेप काढून हवेत धरली. तुझ्या हाताची लांबी तिला पाठ आहे; तू रांगत होतीस तेव्हापासून तुझ्या बाह्या तीच शिवते आहे. बराच वेळ टेपेकडे बघून स्वतःशीच म्हणाली, तळाला हात पोचणार नाही हिचा. दर ग्लासाला वाकेल. मग जाऊन मशीनवर बसली, पण चाक काही फिरेना.

तेव्हा उथळ घे. झाकण घट्ट बसणारं हवं, वितळलेलं पाणी जायला खालची नळी नीट हवी, आणि ग्लास कधी बर्फात खुपसू नकोस. एक टवका उडाला की सगळा बर्फ फेकून द्यावा लागतो. हे ग्लासाचं माझ्या डोक्यातलं नाही. लिहिणारीने मधेच घुसडलं आणि मोठ्याने वाचलं, म्हणून मला कळलं. बाईंनी गुपचूप बराच अभ्यास केलेला दिसतोय.

आता तू म्हणशील, आजी, एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. आलं असतं. फोन मला करता येतो, लिहिता तेवढं येत नाही. म्हणून तर पत्र! या घरात लिहिता येणारं माणूस एकच आहे, आणि मी ‘प्रिय चिमणे’ म्हटल्यावर तिचं पेन किती वेळ अडून बसलं होतं, ते मी पाहिलंय. पुढचं वाक्य मी तिला न विचारता सांगते आहे. उथळ पेटी भरून द्यायला रोज संध्याकाळी तुझी आई येईल. पेन थांबलं. ती माझ्याकडे बघते आहे, मी खिडकीकडे. आता पुन्हा चालू झालं. काय लिहिलं म्हणून विचारलं, तर वाचून दाखवायला तयार नाही. मला कळायचं कसं? तुलाच कळेल. आई येईल, असं तुला इथे वाचायला मिळालं असेल, तर सुताराला उथळ पेटीचं माप दे.

तुझीच,
पिंपातून सुखरूप निघालेली आजी