मीठ बघणारी

प्रिय दाओन,

फोन करायचा सोडून आजी पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तूच बोलतेस आणि मी नुसती हं हं करते, आणि जे सांगायचं ते ठेवायच्या वेळेला आठवतं. कागदाचं बरं असतं, तो मधेच तोंड घालत नाही. अक्षराला हसू नकोस. त्रेसष्टाव्या वर्षी गिरवायला शिकलेलं अक्षर आहे ते, वाऱ्यात मुळ्याचा पाला पडावा तसं एका बाजूला कलतं. आमच्या अक्षरवर्गाच्या बाई म्हणतात, आजी, बोलता तसं लिहू नका. आता मला दुसरं कसं लिहिता येणार?

आधी आनंदाचं. माझी नात शाळेच्या जेवणाची पोषण मॅडम झाली हे मी खालच्या मजल्यापासून मोक्पोच्या बंदरापर्यंत सगळ्यांना सांगून आले. मासळीवालीला दोनदा सांगितलं. तिनं एक बांगडा जास्तीचा घातला आणि म्हणाली, "आता पुरे हं आज्जे, तिसऱ्यांदा सांगितलंस तर मासा परत घेईन." तरी काल तिच्यासमोरून जाताना माझी जीभ वळवळत होती. पण खरं सांगते, हल्ली आनंदानंसुद्धा दमायला होतं. जिना चढून वर आले, बांगडा साफ केला आणि तशीच ओट्याला टेकून बसले. मीठ लावायचंही जमेना कितीतरी वेळ.

परवा तू फोनवर नव्या लोकांच्या स्वागताची ती फाइल वाचून दाखवलीस. मुख्याध्यापकांनी फुलं दिली, नोकरीत पैशासारखे वापरायचे कल्याणाचे गुण मिळतात, त्यातून आजीला चष्मा घेईन म्हणालीस. मग तुझा आवाज उतरला. मार्चात शाळा उघडायची म्हणून स्वयंपाकघर धुवायला आलेल्या तुझ्या सहा बायकांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही म्हणालीस. आरोग्य तपासणीचा कागद तू भिंतीला लावलास, तर तीन जणींनी नावंच लिहिली नाहीत. ती सगळ्यात मोठी, यांगिम, खोकत खोकत म्हणाली की सवड झाली की जाईन. आणि तू मला विचारलंस, "आजी, या बायका स्वतःच्या जिवाला इतक्या बेफिकीर कशा गं?"

मी म्हटलं जाऊ दे, आणि मुळ्याच्या लोणच्याचं काढलं. मग तू विचारलंस, तुझी तपासणी झाली ना गं, आणि मी झाली म्हटलं. दोन दिवस ते दोन्ही प्रश्न माझ्याबरोबर जेवायला बसतायत. म्हणून लिहिते.

मी आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा मला फुलं नाही मिळाली. बूट मिळाले, रबरी, तेही कुणा पुरुषाचे. माझा पाय त्यात होडीत कोंबडी बसावी तसा. ओल्या फरशीवर दोनदा घसरले. आठ जणींतली एकही हसली नाही, कारण हसायला वेळ नव्हता, नऊशे मुलांचा भात शिजत होता. फक्त एकीनं माझा पाय ओढून घेतला, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि विचारलं, "ताई, शिव्या देता येतात का? नाही? मग शिका, इथं त्याशिवाय कढई हलत नाही." ती ह्वाजा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण कामाला माझ्याआधी लागलेली. तुला ती ह्वाजा आजी म्हणूनच आठवत असेल, जी तुझ्या डब्यात समुद्रशेवाळातल्या भाताच्या गुंडाळ्या जास्तीच्या कोंबायची.

मला वाचता येत नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. बाकी कुणाला कधीच कळलं नाही. कारण रोज सकाळी भिंतीवरच्या यादीसमोर उभी राहून ती मोठ्यानं कुरकुर करायची. मेले आज पण कांदे, दोन पोती, वर पालक निवडायचा, आणि तळण आहेच नशिबात. सगळ्यांना वाटायचं की ही बाई फार तक्रारखोर. ती मला यादी वाचून दाखवायची, बावीस वर्षं.

अगं हो, स्वागतावरून आठवलं. तू सोमवारी शाळेत लाल चवळीची तांदळाची वडी वाटणार ना, नवं माणूस वाटतं तशी? तर आधी खाली जा. शिक्षकांच्या खोलीत नंतर. आमच्याकडे एक मॅडम आली होती, तिनं वर सगळ्यांना कागदात बांधून वडी दिली आणि आम्हाला रिकामं घमेलं खाली पाठवलं, धुवायला. तळाला चुरा होता. ह्वाजानं तो बोटानं गोळा करून आम्हाला एकेक चिमूट दिला आणि म्हणाली, "घ्या, मॅडमनी खास वरून पाठवलंय." आम्ही हसलो, पण वर्षभर त्या मॅडमला कुणी डोळा भिडवला नाही. तेव्हा तू स्वतः घेऊन जा, आणि त्यांच्यासोबत उभ्यानंच खा. बसायला तिथं जागा नसते, असलीच तर भाजीचं खोकं.

आता त्या बेफिकिरीचं. माझं काम काय होतं तुला ठाऊक आहे, मी मीठ बघायचे. कढईत तळण सगळ्याच करायच्या, बुधवारी तर नऊशे मांसाचे काप, धूर असा की समोरचीचं तोंड दिसू नये, आणि वरचा पंखा नुसता ओरडायचा, ओढायचा काही नाही. पण साराचं मीठ माझं. फावड्याएवढ्या पळीनं ढवळायचं, एक चमचा तोंडात, झालं. ही सवय अशी भिनते की हाताला विचारावंच लागत नाही. अजूनही मी बसमध्ये झोपेत चमचा उचलते म्हणे.

पहिल्या तपासणीला ह्वाजानं कागद कुरकुरून दाखवला, मेलं, आदल्या रात्री नऊनंतर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मी काही खाल्लं नाही. सकाळी शाळेत जाऊन भाताचं आणि साराचं मार्गी लावलं आणि मग गेले. नर्सनं विचारलं, काही खाल्लंय का. मी म्हटलं काहीच नाही, फक्त मीठ बघितलं. ती म्हणाली, "बघितलं म्हणजे? डोळ्यांनी?" मी म्हटलं, डोळ्यांनी मीठ कसं दिसेल बाई. तिनं सुई खाली ठेवली. रक्त नाही, पोटातली नळी नाही, सगळं एकत्रच करायचं म्हणून छातीचा फोटोही नाही. पुढची तारीख घ्या. मी कपाळावर हात मारून परत आले. त्या आठवड्यात स्वयंपाकघरात तोच विनोद चालला होता, डोळ्यांनी मीठ बघणारी आली बघा.

पहिली खेप चूक होती, दाओन. त्यापुढच्या चुका नव्हत्या. तुझी आई उल्सानला कामाला गेली होती आणि तू माझ्याकडे होतीस, सकाळी वेणी घालताना पाठ ताठ धरून बसायचीस. छातीत काही दिसलं तर मला घरी बसवतील एवढंच मला कळत होतं. म्हणून मी दर वर्षी तारखेच्या सकाळी साराशी जायचे आणि मुद्दाम एक चमचा घ्यायचे. मीठ बघितलं म्हटलं की पुढं कुणी विचारत नसे.

आणि दुसरंही एक होतं, तुझ्या फाइलीत ते लिहिलेलं नसेल. जी बाई सुट्टी घेणार, तिनंच आपल्या जागी दुसरी शोधून द्यायची. ताप असो, तपासणी असो, दहा ठिकाणी फोन करायचे, पाया पडायचं. नाही मिळाली तर आपल्या वाटची कढई शेजारणीच्या अंगावर. आधीच तिचे खांदे गेलेले. मग कोण जाणार? यांगिम म्हणते सवड झाली की, ती सवड तिच्याकडे नाही गं.

आता जे सांगायचं ते. माझं शेवटचं वर्ष होतं, तू आठवीत होतीस. ह्वाजा थंडी सुरू झाल्यापासून खोकत होती. आम्ही सगळ्याच खोकायचो, त्याला आम्ही चिमणी म्हणायचो, आज तुझी चिमणी फार धूर काढतेय असं. पण तिची थांबेना. मीच मागे लागले. तिच्यासाठी बदलीची बाईसुद्धा मीच शोधली, अकरा फोन करून. तारीख ठरली. ती सकाळी फक्त यादी कुरकुरायला आली होती, माझ्यासाठी, आणि दहाला निघणार होती. मला त्या दिवशी सर्दी. नाक बंद, जिभेला काही लागेना. आंबवलेल्या सोयाबीनचं सार उकळत होतं, उशीर झालेला, आणि ती माझ्या डाव्या हाताला उभी होती, बावीस वर्षं उभी राहायची तशी. मी चमचा भरला, फुंकला आणि तिच्या तोंडापुढं धरला. म्हटलं, ह्वाजा, मीठ बघ गं.

तिनं बघितलं. "बादलीभर पाणी घाल, ताई," म्हणाली.

मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि खुंटीवरचा एप्रन काढून तिनं परत गळ्यात घातला. पुढच्या वेळी जाऊ म्हणाली. बदलीच्या बाईला मी परत पाठवलं. मग सुट्ट्या लागल्या, मग मी निवृत्त झाले, मग तिला बदलीची बाई मिळेना. पुढच्या वसंतात तपासलं तेव्हा डॉक्टरांनी फोटो तिला दाखवलासुद्धा नाही, तिच्या मुलाला बाहेर बोलावलं.

तू माझ्याबरोबर दवाखान्यात आली होतीस दोनदा. तुला आठवत असेल, ती ताटातलं सार माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, ताई, यांना मीठ कळत नाही, तू बघ. मी चमचा तोंडात घालायचे आणि मला काहीच लागायचं नाही. त्या सकाळबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही. तिच्या मुलालाही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले असते की चार महिन्यांनी काय फरक पडतो, किंवा म्हणाले असते की पडतो. दोन्हीतलं काहीही ऐकायची माझी हिंमत नव्हती. ती गेल्यावर यादी वाचून दाखवणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मी अक्षरवर्गाला जायला लागले. तू म्हणायचीस की आजी किती हौशी.

म्हणून पोरी, त्यांना बेफिकीर म्हणू नकोस. यांगिमची तारीख तू ठरव. तिच्या जागी येणारी बाई तू शोध, तिला एकही फोन करू देऊ नकोस. आणि त्या सकाळी तिला स्वयंपाकघरात पाऊलच टाकू देऊ नकोस, ती म्हणेल एकदा नजर टाकून जाते, तर दारातून परत पाठव. त्या दिवशी मीठ तू बघ. चुकलं तर मुलं एक दिवस अळणी सार खातील, त्यानं कुणी मरत नाही. आणि ती परत आली की तिला विचारू नकोस काय निघालं म्हणून. आधी गरम भात वाढ.

आता शेवटचं, ज्यासाठी हा कागद घेऊन बसले. झाली म्हटलं ते खोटं होतं. माझी तपासणी एकदाही झालेली नाही, मीठ बघण्यातच सगळी वर्षं गेली. जुन्या स्वयंपाकघरवाल्यांची छाती तपासणार म्हणून महिन्याभरापूर्वी माझ्याही नावाचा लिफाफा आला. या वेळी तो मी स्वतः वाचला, बोट ठेवून, दोनदा. मंगळवार, सकाळी नऊ. आदल्या रात्री नऊनंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही. हिवाळ्यापासून माझीही चिमणी चालू आहे, तुझ्याशी बोलताना मी फोन बाजूला धरते. तू येऊ नकोस, तुझी शाळा उघडून दुसराच दिवस असेल. मी बसनं जाईन. पण मला माझ्या हाताचा भरवसा नाही गं. सकाळी उठले की तो सार ठेवतो, चमचा शोधतो. भीती वाटली की तर नक्कीच शोधतो. तेव्हा मंगळवारी कामावर जाता जाता मला एक फोन कर. कशी आहेस, घाबरलीस का, असलं काही विचारू नकोस. एवढंच विचार, आजी, मीठ बघितलंस का. मी नाही म्हणेन, आणि चप्पल घालून निघेन.

तुझीच, मंगळवारपर्यंत चमचे कपाटात ठेवलेली आजी,
बांग जोम्रे
(पूर्ण नाव लिहिलंय, न बघता.)