वापरलेली गाडी

चिफुबू, न्डोला
९ मे २०११

ती. मामांस,
बुपेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला हो हो म्हणता आणि नंतर आईला विचारता की पोरगी काय म्हणत होती. म्हणून हे पत्रच कासामाच्या बसवाल्याकडे देते आहे.

माझी बदली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात झाली. रोज दोन मिनीबस बदलायच्या. तिघांच्या बाकावर चौघं. काल शेजारणीच्या टोपलीतल्या कोंबडीने माझ्या नर्सच्या गणवेशाला चोच मारली. कंडक्टर म्हणतो कसा, की सिस्टर, तिला इंजेक्शनची भीती वाटली असेल! मी त्याच क्षणी ठरवलं, आता गाडी घ्यायची. छोटी, स्वस्त, पेट्रोल कमी पिणारी. कामावर आणि बाजारात गेली म्हणजे झालं.

तीन पाहिल्या. लाल आहे ती दिसायला गोड, पण निळा धूर सोडते. पांढरी टॅक्सीवाल्याची, तिच्या सीटच्या स्प्रिंगा बसणाऱ्याला टोचतात. तिसरी चंदेरी. विकणारा म्हणतो, जपानहून जहाजाने आत्ताच उतरली. किल्ली फिरवली की आतल्या यंत्रातली बाई जपानीत काहीतरी अदबीने सांगते. किंमत सगळ्यांत कमी. मी घासाघीस सुरू केली, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो कबूल झाला. मामा, मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. तुम्ही जन्मभर बस चालवलीत, काय बघू ते सांगा.

माया आहे तशीच असू द्या. वाढली तर परत करणार नाही.
तुमची बुपे

•

कासामा
१६ मे

चि. बुपेस,
चिबेसामामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. कोंबडीचा प्रसंग तुझ्या मामीला तीनदा वाचून दाखवला. ती म्हणते, कोंबडी शहाणी होती.

ऐक. लाल गाडी सोड, ती तेल पिते. पांढरी टॅक्सीत आधीच मरून गेलेली असते, रंग लावून उभी करतात एवढंच. चंदेरी उन्हात बघ, सावलीत नको. रेडिओ बंद ठेवून चालव आणि कान उघडे ठेव. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडून बघ, एका बाजूला ओढते का. पायाखालची चटई उचल. जहाजातून आलेल्या गाडीत गंज सापडेल, एखादं परकं नाणं सापडेल. आपली लाल माती सापडली तर विकणाऱ्याला विचार, की जपानात ही कुठे मिळते.

आणि जो माणूस आपली वस्तू इतक्या घाईने काढून टाकतो, त्याच्या गाडीकडे बघू नकोस, त्याच्या तोंडाकडे बघ.

मामावर राग धरू नकोस, जीव लाव.
तुझा मामा

•

चिफुबू
६ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रागवू नका, चंदेरी घेतली. इंजिन ठणठणीत आहे, स्टिअरिंग सरळ आहे. चटईखाली भुईमुगाची टरफलं सापडली आणि हो, लाल मातीही. विकणारा हसला, म्हणाला बंदरातून इथवर कुणीतरी चालवत आणलीच ना, त्याला भूक नाही लागणार? मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटवूनच घ्यायचं होतं.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग एका सकाळी सिग्नलला थांबले असताना एक बाई मागचं दार उघडून खुशाल आत बसली. टोपली मांडीवर घेऊन घरच्या गप्पा मारायला लागली. मी वळून बघितल्यावर तिचा चेहरा उतरला. चुकले म्हणाली आणि टोपलीतले टोमॅटो सांडत पळाली.

मग ते फाटक. घरी येताना कान्सेन्शी या बंगल्यांच्या वस्तीतून यावं लागतं. तिथे एका बंगल्याचा म्हातारा राखणदार माझी गाडी दिसली की फाटक सताड उघडतो आणि टोपी काढून उभा राहतो. मी पुढे निघून जाते. आरशात दिसतं, तो तसाच उभा असतो. रोज. मी रस्ता बदलून पाहिला, पण मधे खोदकाम चालू आहे, फिरून तिथूनच यावं लागतं.

आणखी एक, हसू नका. मी ताडमाड उंच, सीट पार मागे सरकवून बसते. सकाळी बघावं तर ती पुढे सरकलेली असते, एखाद्या बुटक्या बाईने नुकती चालवल्यासारखी. खटका मेकॅनिकने तपासला. म्हणतो, नव्यासारखा आहे.

भाचीची आठवण असू द्या.
बुपे

•

कासामा
१३ जून

चि. बुपेस,
अ. उ. आ.

मी हसलो नाही. मामीला हे पत्र वाचूनही दाखवलं नाही.

ती गाडी जपानहून आली असेल, पण आत्ता नाही. न्डोलाच्या रस्त्यांवर तिला ओळखणारी माणसं आहेत. राखणदार वेडा नसतो, त्याला गाडी पाठ असते. दिवसाढवळ्या जा आणि ते घर कुणाचं आहे ते विचार. एकटी जाऊ नकोस. पण तुला मी ओळखतो, तू एकटीच जाशील. निदान गाडी फाटकाबाहेर ठेव.

लवकर लिही. इथे रोज बसस्टँडवर फेरी मारतोय.
मामा

•

चिफुबू
२२ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गेले, आणि एकटीच गेले.

आधी काय झालं ते सांगते. सोमवारी ब्रेकसाठी गाडी गॅरेजात दिली. चारही चाकं काढून ती विटांवर चढवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि मिनीबसने घरी आले. मंगळवारी गाडी घेऊन कान्सेन्शीतून येत होते, तर राखणदार रस्त्यातच आडवा आला. चांगलाच रुसला होता. म्हणाला, काल इतक्या दिवसांनी आत आलात, आंब्याखाली गाडी लावलीत, मग मला हाकही न मारता कशा निघून गेलात?

गाडी तिथेच बंद करून मी आत गेले.

घरात एक वयस्क बाई एकटीच राहते. बाना लुसे म्हणतात तिला, लुसेची आई. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती, मक्याच्या पिठाचा घट्ट शिमा आणि भुईमुगाचं कूट घातलेली भोपळ्याच्या पानांची भाजी. लुसे तिची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी कामासाठी दक्षिणेकडे म्हणून गाडी घेऊन गेली, ती परतलीच नाही. गाडीही नाही. ओळखीच्या साऱ्यांना ती वाटेत बसवून न्यायची, बाजारच्या बायकांनासुद्धा.

माझ्या मनात अजून शंका होती, मी म्हटलं, अशा चंदेरी गाड्या गावात ढिगाने आहेत. बाना लुसे जागची हलली नाही. म्हणाली, मागच्या सीटचं कव्हर उचल, लग्नाला जाताना पामतेल सांडलं होतं, डाव्या बाजूला. मी बाहेर जाऊन कव्हर उचललं. मोठा, गडद डाग होता.

परत आत आले तेव्हा तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं होतं, ही मला आपली मुलगी समजत असेल. तसं काही नव्हतं. तिने शांतपणे विचारलं, तू लुसे नाहीस हे मला दिसतंय, बाळा. पण मग काल कोण आलं होतं? काल तिचं ताट रिकामं झालं.

काय करू, लिहा.
बुपे

•

कासामा
२८ जून

चि. बुपेस,
अ. उ. आ.

काय करू म्हणून विचारतेस, पण विचारण्याआधीच तुझं ठरलंय, नाहीतर तू मला हे लिहिलंच नसतंस. पोलिसांकडे जा. गाडी जाईल. पुन्हा दोन मिनीबस, पुन्हा कोंबड्या. गेली तर जाऊ दे.

तिथे जे येतं ते काय आहे, मला ठाऊक नाही. रस्त्यावर इतकी वर्षं काढली, काही वळणांवर मीही काही न बोलता पुढे गेलोय. पण ते कुणाचं वाईट करायला येत नाहीये. आईकडे जेवायला येतंय. त्याची भीती बाळगू नकोस.

गुरुवारच्या बसने मीच येतो. माझ्यासाठी वेगळं काही रांधू नकोस.
मामा

•

चिफुबू
२ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही परत गेल्यावर जे झालं ते सारं लिहिते.

पोलिसांनी विकणाऱ्याला पकडलं. त्याने एका माणसाचं नाव सांगितलं, आणि त्या माणसाने सगळं कबूल केलं. दक्षिणेच्या रस्त्यावर त्याला ही गाडी कडेला उभी दिसली. लुसे स्टिअरिंगवर डोकं टेकून पडली होती. एकाएकी काहीतरी दुखणं उठलं असावं. त्याने तिला जवळच्या गावातल्या इस्पितळाच्या दारात उतरवलं आणि गाडी घेऊन तो पळाला. पर्सही गाडीतच. ती त्याच संध्याकाळी गेली. नाव नाही, गाव नाही. तिथल्याच स्मशानात बेवारस म्हणून पुरली.

मी तिथे गेले होते. एका नर्सला ती आठवत होती. शेवटपर्यंत ती एकच म्हणत होती, मला उशीर होतोय, आई जेवायची थांबली असेल.

गाडी बाना लुसेच्या नावे सुटली. किल्ली तिने माझ्याच हातात दिली आणि म्हणाली, मला तिच्याकडे घेऊन चल.

काल गेलो. त्या जागी आता नाव लिहिलेला दगड आहे. बाना लुसे त्याच्याशी बराच वेळ भांडली. शेजारणीने दुसरं लग्न केलं, आंबा यंदा कमी धरला, आणि तू मेलीस ते सांगायला तुला दोन वर्षं लागली का, असं सगळं. मग कमरेच्या कापडाच्या टोकाने दगड पुसला आणि उठली.

परतताना ती माझ्या शेजारी बसली आणि थोड्याच अंतरावर झोपली. राखणदार सांगतो, दोन वर्षांत तिला कुणी असं गाढ झोपलेलं पाहिलं नाही. जाग येऊ नये म्हणून मी खड्डे चुकवत हळू चालवत होते. ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात ती झोपेतच बोलायला लागली. बडबड नव्हे ती, मामा. ती काहीतरी विचारायची, मग थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी हुं म्हणायची आणि पुन्हा बोलायची. एकदा तर खुदकन हसली. तिचं तोंड मागच्या सीटकडे वळलेलं होतं.

मी मागे पाहिलं नाही. हात वर करून आरसा छताकडे फिरवला. घर आलं तरी फाटकाशी थांबले नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत कान्सेन्शीला पुन्हा पुन्हा वळसे घालत राहिले.

मामीला नमस्कार. भाचीवर लोभ ठेवा.
तुमची बुपे