कार्त्यायनी चेच्चींचा प्रश्न

कोल्लम, २ मार्च २०२४

प्रिय कार्त्यायनी चेच्ची,

थोरल्या बहिणीस सादर नमस्कार. माझे गुडघे पूर्ववत कुरकुरतात. तुमचे कसे आहेत, ते कळवावे. माझ्या सत्कारसमारंभास येणार नाही, हा तुमचा निरोप मिळाला.

आपल्या काजू कामगार संघटनेच्या स्मरणिकेत सचिव शशांगन यांनी दिलेला वृत्तान्त चुकीचा आहे. वेतन समितीपुढे तो प्रश्न मी विचारला, असे त्यात आहे; मी तर उठलोच नव्हतो. मी संघटनेचा कारकून. किमान वेतन मिळाले तरी पुष्कळ, असे तुम्हा सर्वजणींना बजावूनच मी तेथे आणले होते.

अध्यक्षांनी किमान, वाजवी आणि निर्वाह वेतन यांतील भेद अर्धा तास समजावला. वाजवी वेतन ठरवताना मालकाची ऐपतही पाहावी लागते, असे ते म्हणाले. तेव्हा काजूच्या टरफलाचे तेल पोळू नये म्हणून राख फासलेले हात खांद्यावरच्या पंच्याला पुसत तुम्ही उठलात.

"सार, किमान वेतनात कामगार मरत नाही, वाजवी वेतनात मालक मरत नाही. मग आम्ही जगायचं कुठल्या वेतनात?"

अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. आम्हाला किलोवर पैसे मिळतात, दोनदा बोलणे परवडत नाही, असे तुम्ही सुनावलेत. मालकांच्या वकिलांनीही हसता हसता चहा सांडला. दर वाढला, तो त्यानंतर.

शशांगन निर्दोष आहे. त्याने कार्यवृत्तावरून उतरवले, आणि कार्यवृत्तात 'श्री. कुरुप यांनी विचारले' असे मीच लिहिले होते. बाईच्या तोंडचा प्रश्न समिती थट्टेवारी नेईल, असे कारण मी स्वतःला देत आलो. खरे कारण एवढेच, की तो मला सुचला नव्हता. ते कार्यवृत्त सभेत वाचले गेले, त्या दिवसापासून तुम्ही कचेरीची पायरी चढला नाहीत.

आता त्याच प्रश्नासाठी मला शाल देणार होते. मी शशांगनला सर्व सांगितले.

"सार, पत्रिका छापून झाल्यात. पन्नास वर्षं गप्प होतात, अजून आठवडाभर जमलं नसतं?"

सध्या तो तीनशे पत्रिकांवर तुमच्या नावाच्या पट्ट्या चिकटवत आहे आणि मला लाखोली वाहत आहे. त्याचे उच्चार शुद्ध आहेत.

तारखा अशा वाचाव्यात:

सुनावणी: ९ मार्च १९७४, स्मरणिकेतील १९ नव्हे.
प्रश्न: त्याच दिवशी, कार्त्यायनी यांनी विचारला.
खोटे कार्यवृत्त: ११ मार्च १९७४, मी लिहिले.
दुरुस्ती: १ मार्च २०२४. पन्नास वर्षांना दहा दिवस कमी.
सत्कार: ९ मार्च २०२४, सकाळी दहा वाजता. तुमचा. न आलात, तर शाल घेऊन मीच दारात उभा राहीन.

आपला अपराधी, आणि फार उशिरा बिनचूक,
गोपिनाथ कुरुप